खिळे कुणाचे? : वर्डप्रेस ते घोस्ट



इंग्रजीतल्या 'फ्री' या शब्दाने गेली चाळीस वर्षं जो घोळ घातला आहे, त्यातून मराठी माणूस सहज सुटतो. फुकट वेगळं आणि मुक्त वेगळं, हे आपल्याला कुणी समजावून द्यावं लागत नाही. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ग्नू प्रकल्प जाहीर केला, तेव्हापासून ते हाच भेद सांगत आले आहेत. सॉफ्टवेअर वापरावं, उघडून पाहावं, बदलावं, दुसऱ्याला द्यावं, ही मोकळीक म्हणजे मुक्त. आज या विषयाचा एकच कोपरा आपण पाहू. लेखक-पत्रकार ज्या सॉफ्टवेअरवर आपलं लेखन प्रसिद्ध करतात, त्याची मालकी कुणाकडे होती आणि त्यातून काय घडलं?

मिशेल व्हाल्द्रिगी याने २००१ मध्ये बी-टू नावाचं सॉफ्टवेअर लिहिलं. काही काळाने त्याच्याकडून काही कळेनासं झालं, काम थंडावलं. एरवी गोष्ट इथंच संपायची. पण बी-टूचा परवाना जीपीएल होता, म्हणजे मूळ लेखकाला न विचारता काम पुढे नेण्याचा हक्क कुणालाही होता. अमेरिकेतला मॅट मुलनवेग आणि इंग्लंडमधला माइक लिटल या दोघांनी तो हक्क वापरला आणि मे २००३ मध्ये वर्डप्रेस बाहेर आलं.

त्या वेळी जोर होता तो मूव्हेबल टाइपचा. नाव पाहा, सुट्या खिळ्यांच्या छपाईवरूनच घेतलेलं. पण हे खिळे एका कंपनीचे होते. मे २००४ मध्ये तिसरी आवृत्ती आली ती नव्या दरपत्रकासकट, आणि किती लेखक, किती ब्लॉग यावर पैसे पडू लागले. मार्क पिल्ग्रिम या प्रोग्रॅमरने हिशेब मांडला, त्याला ५३५ डॉलर द्यावे लागणार होते. त्याने ते वर्डप्रेस लिहिणाऱ्यांना देणगी म्हणून दिले आणि बिऱ्हाड हलवलं. आम्हांला हा हिशेब फार बोलका वाटतो. या माणसाची पैसे द्यायला ना नव्हती. उद्या अटी बदलण्याचा हक्क दुसऱ्याच्या हाती ठेवायला मात्र तो तयार नव्हता.

पुढच्या दहा वर्षांत वर्डप्रेस अफाट वाढलं. दुकानं, शाळा, कार्यालयं, सगळ्यांची संकेतस्थळं त्यावर उभी राहू लागली. मराठी ब्लॉगही बरेच तिथे आले. पण नुसतं लिहू पाहणाऱ्यापुढे आता पन्नास कळा आणि शंभर खिडक्या होत्या. जॉन ओ'नोलन हा वर्डप्रेसच्याच मांडणीच्या गटात काम केलेला माणूस. २०१२ च्या अखेरीस त्याने एक कल्पना मांडली : केवळ प्रकाशनासाठी नवं, सुटसुटीत सॉफ्टवेअर, आणि ते चालवायला ना-नफा संस्था. एप्रिल २०१३ च्या शेवटी त्याने हॅना वुल्फ हिच्यासोबत किकस्टार्टरवर लोकवर्गणी मागितली, २५ हजार पौंडांची. महिन्याभरात १ लाख ९६ हजारांहून अधिक जमले. योगायोग असा, की ट्विटरने विकत घेतलेली पोस्टरस ही लेखनसेवा त्याच दिवसांत कायमची बंद झाली. तिथे लिहिणाऱ्यांना आपापलं लेखन उचलून दुसरीकडे न्यावं लागलं.

या नव्या सॉफ्टवेअरचं नाव घोस्ट. परवाना एमआयटीचा, जीपीएलपेक्षाही सैल. पण परवान्यापेक्षा आम्हांला संस्थेची रचना महत्त्वाची वाटते. घोस्ट फाउंडेशन सिंगापूरला नोंदलेलं आहे. कंपनी आहे, पण भागधारक नाहीत. आपल्याकडच्या कलम ८ खालच्या कंपनीसारखं समजा. नफा वाटून घेता येत नाही, आणि शेअरच नाहीत तर विकत घेणार काय? खर्च कसा भागतो? ज्यांना स्वतः सर्व्हर सांभाळायचा नाही त्यांच्याकडून ते शुल्क घेतात. २०१९ पासून घोस्टमध्ये वाचकांची वर्गणी घेण्याची सोय आहे, तिच्यात संस्था टक्का मागत नाही. सबस्टॅक दहा टक्के घेतं.

या रचनेची परीक्षा गेल्या काही वर्षांत झाली. मे २०२३ मध्ये व्हाइस ही बडी माध्यम कंपनी दिवाळखोरीत गेली. तिच्या मदरबोर्ड विभागातल्या चार पत्रकारांनी ऑगस्टमध्ये ४०४ मीडिया सुरू केलं, घोस्टवर. जानेवारी २०२४ मध्ये केसी न्यूटन याने आपलं प्लॅटफॉर्मर हे वार्तापत्र सबस्टॅकवरून घोस्टवर नेलं. नाझी मजकुराबद्दलचं सबस्टॅकचं धोरण त्याला मान्य नव्हतं. वाचकांची यादी सोबत नेता आली म्हणून हे जमलं. अल्बर्ट हर्शमन यांनी १९७० सालच्या पुस्तकात संस्थेत असमाधानी माणसापुढचे दोन मार्ग सांगितले, बाहेर पडणं आणि आवाज उठवणं. पहिला मार्ग इथे बराच मोकळा आहे.

दुसऱ्याचं काय? इथे थोडं थांबावं लागेल, कारण 'ना-नफा' हा शब्द ऐकला की आपण लगेच विश्वास टाकतो. वर्डप्रेसलाही २०१० पासून ना-नफा फाउंडेशन आहे, बोधचिन्हाची मालकी त्याच्याकडे. पण सप्टेंबर २०२४ मध्ये मुलनवेग आणि डब्ल्यूपी इंजिन या कंपनीचं भांडण पेटलं, आणि त्या कंपनीच्या ग्राहकांना वर्डप्रेस डॉट ऑर्गवरून मिळणारी अद्ययावत आवृत्ती थांबली. तेव्हा अनेकांच्या लक्षात आलं, की ते संकेतस्थळ फाउंडेशनचं नसून मुलनवेग यांचं व्यक्तिगत आहे! डिसेंबरमध्ये न्यायालयाच्या आदेशाने वाट पुन्हा उघडली. कोड मुक्त होता. ज्या दारातून तो यायचा त्याची किल्ली मात्र एका खिशात होती. म्हणून संस्था पाहताना नाव आणि परवाना पाहून थांबू नये. बोधचिन्ह, सर्व्हर, खाती, एकेक कुणाच्या नावावर आहे ते विचारावं. घोस्टलाही हाच प्रश्न लावायला हवा. तिथे लिहिणारा लेखक ग्राहक आहे, सभासद नाही. कारभारात त्याला मत नाही.

शिवाय घोस्टमधून वर्गणी गोळा करायची ती स्ट्राइप या खासगी कंपनीमार्फत. भारतात ती २०२४ पासून निमंत्रणाशिवाय नवं खातं देत नाही. कार्डावरून दरमहा आपोआप पैसे वळते करण्यावर रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत, ते निराळेच. तेव्हा कोल्हापूरचा किंवा मडगावचा एखादा पत्रकार घोस्ट उतरवून घेईल, देवनागरीत झकास अंक काढेल, ईमेलने वाचकांकडे पाठवेलही. पण वाचकाकडून महिन्याला शंभर रुपये घ्यायचे, तर त्याला यूपीआयचा आकडा लेखाखाली छापून वर्गणीदारांची वही हाताने ठेवावी लागेल.