फेर आणि बैठक

वरातीत बँडवाल्यांनी ठेका धरला की पोरंटोरं पुढे घुसतात आणि चाळिशी-पन्नाशीतली मंडळी हळूच कडेला होतात. कोणाला अचानक आहेराच्या पिशव्यांची काळजी लागते, कोणी फोन आल्यासारखे करतो. आग्रह फारच झाला तर दोन्ही हात वर करून, दोन पावले टाकून सुटका करून घेतली जाते. ‘आपल्याकडे मोठी माणसे नाचत नाहीत’ असे यावर सर्रास म्हटले जाते. गेल्या दोन-तीनशे वर्षांचा मराठी समाज पाहिला तर हे विधान टिकत नाही. मोठी माणसे नाचत होती, पुष्कळ नाचत होती. नियम होता तो कोणासमोर नाचायचे याचा. जिथे सगळेच नाचतात तिथे नाच निर्धास्त चाले. जिथे काही बसतात आणि काही नाचतात, तिथे नाचणाऱ्याची पत उतरे. आजच्या संकोचाचे मूळ या फरकात आहे.

आधी फेर पाहू. श्रावणातल्या मंगळवारी नवविवाहितेची मंगळागौर पुजायची आणि रात्र जागवायची, हा परिपाठ सोवळ्याओवळ्यात मुरलेल्या घरांचाच होता. सासऱ्यासमोर आवाज न चढवणारी सून त्या रात्री माजघरात पदर खोचून फुगडी घाली. पावले जुळवायची, हातांची तिढी घट्ट धरायची, अंग मागे झोकून द्यायचे आणि भोवळ येईपर्यंत गरगरायचे. पाठोपाठ झिम्मा, पिंगा, कोंबडा, सूप नाचवणे. दमलेली बाई भिंतीला टेकायची ती दम खाऊन परत उठण्यासाठीच. भोंडल्यातही पाटावरच्या हत्तीभोवती फेर धरला की कोणी पाहुणी उरत नसे. पुरुषांसाठी वारी होती. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबा आरफळकरांनी माउलींच्या पालखी सोहळ्याला जी शिस्त लावली, तिच्यात नाचाला हक्काची जागा आहे. समोरासमोर दोन रांगा, मध्ये विणेकरी, टाळाच्या ठेक्यावर पुढे-मागे पडणारी पावली. साठी ओलांडलेला शेतकरी तिथे सहज फुगडी घालतो. डहाणू-जव्हारकडच्या वारल्यांच्या तारपा नाचातही वाजवणारा मध्ये असतो आणि गुंफलेल्या हातांची साखळी त्याच्याभोवती फिरते. जात, प्रदेश, प्रसंग वेगळे असले तरी तोंडे आत वळलेली आणि बघ्याला जागा नाही, ही रचना सगळीकडे सारखी.

दुसरी रचना बैठकीची. पेशवाईत सरदारांच्या दिवाणखान्यात कलावंतिणी नाचत आणि फडावर तमाशा रंगे. तमाशात आधी नाच्या पोऱ्या असे, पुढे कोल्हाटी, महार, मांग या समाजांतल्या स्त्रिया आल्या. इथे बसणारा आणि नाचणारा यांच्यात जातीची आणि पैशाची भिंत होती. दौलतजादा म्हणजे तिचा उघड व्यवहार. पुढच्या रांगेतला माणूस नोट धरतो, नाचणारी ती घ्यायला जवळ येते, मग त्याची फर्माईश पुरी होते. ही भिंत ओलांडणाऱ्याला किंमत मोजावी लागे. कुलकर्णी घराण्यातले पठ्ठे बापूराव फडावर उभे राहिले ते आपल्या जातीतले स्थान गमावूनच. लावणी ऐकायला, तमाशा बघायला येणाऱ्या प्रतिष्ठितांची पत मात्र शाबूत राही.

यावर कोणी म्हणेल की ही सारी इंग्रजी शिक्षणाची, व्हिक्टोरियन सोवळेपणाची देणगी आहे. त्यात तथ्य आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नाचाच्या बैठकींविरुद्ध देशभर चळवळ झाली, १९३४ मध्ये मुंबई प्रांतात देवदासी संरक्षण कायदा आला, स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने तमाशावर काही काळ बंदीही घातली. पण ही भिंत त्याआधीचीच होती, आणि तिचा जाच सोसलेल्यांनाही ती स्पष्ट दिसत होती. आंबेडकरी जलशांनी तमाशाचा बाज घेतला, बाईचा नाच मात्र वगळला. तो सोवळेपणा नव्हता. बसलेल्यांपुढे नाचणे ही आपल्यावर लादलेली चाकरी आहे, असा त्यामागचा हिशेब होता.

मध्यमवर्गाने यातून वेगळी वाट काढली. मादाम मेनका यांनी खंडाळ्यात नृत्यशाळा काढली आणि १९४७ मध्ये रोहिणी भाटे यांनी पुण्यात नृत्यभारती सुरू केली. गुरू, रियाज, शास्त्र यांच्या बळावर चांगल्या घरची मुलगीही प्रेक्षकांसमोर नाचू लागली. हे मोठेच यश. पण त्याबरोबर एक नवी अट रूढ झाली: चारचौघांसमोर नाचायचे तर ते शिकलेले असावे. न शिकलेल्या गृहस्थाला ‘मला नाचता येत नाही’ म्हणायला आता प्रतिष्ठित कारण मिळाले. त्याच्या आजीला फुगडी ‘येते का’ असे कोणी विचारले नव्हते.

गोव्याचे उदाहरण या मांडणीला छेद देते असे वाटू शकते. सासष्टीतल्या ख्रिस्ती जमीनदार घरांत एकोणिसाव्या शतकात मांडो रुजला. स्त्री-पुरुष समोरासमोर ओळीत, स्त्रियांच्या हाती पंखा, साथीला व्हायोलिन आणि घुमट. लग्नात वडीलधाऱ्यांनी असे उघड नाचणे हे तिथे खानदानीपणाचे लक्षण ठरले. मग प्रेक्षकाची लाज कुठे गेली? पण तिथे कायमचा प्रेक्षक नव्हताच. आज खुर्चीत बसलेला पाहुणा पुढच्या गाण्याला उठणार होता, आणि सगळे बरोबरीचे होते. प्रतिष्ठा आणि नाच यांचे मुळात वैर नाही, एवढेच यावरून दिसते.

आज तर सगळेच नाचतात, हा शेवटचा आक्षेप. पण कुठे नाचतात ते पाहावे. विसर्जन मिरवणुकीत खांद्याला खांदा लागला की हेडक्लार्कही मनसोक्त नाचतो. १९५४ च्या ‘नागिन’मधली बीन वाजली की वरातीतला एखादा मामा दातांत रुमाल धरून रस्त्यावर लोळणही घेतो, कारण भोवतीच्या कोंडाळ्यात सगळेच नाचत असतात. तोच मामा संगीताच्या कार्यक्रमात व्यासपीठावर चढायला राजी नसतो. तिथे समोर खुर्च्यांच्या रांगा असतात, कोरिओग्राफरने बसवलेल्या स्टेप्स असतात आणि प्रत्येक हातात मोबाइलचा कॅमेरा असतो. हौसेने आणि खर्चाने आपण घरच्या लग्नात बैठकच मांडलेली असते. दौलतजादा तेवढा नसतो, पण पारखणारी नजर तीच असते. अशा वेळी मामाला बुजरा ठरवून हात धरून ओढण्यात अर्थ नाही. तो आपल्या समाजाचा जुना नियम बिनचूक पाळत असतो. त्याने नाचावे असे खरेच वाटत असेल, तर खुर्च्या उचलाव्यात, मोबाइल खिशात घालावेत आणि सगळ्यांनी मिळून फेर धरावा.