धुराची चव घेणारा सेन्सर

गाडीतला सगळ्यात दुर्लक्षित पार्ट कुठला? माझं मत ऑक्सिजन सेन्सरला! सायलेन्सरच्या पाइपात, गरम धुरात बसलेला. त्याचा इतिहास मात्र भन्नाट आहे.

१९७० साली अमेरिकेने क्लीन एअर ॲक्ट कडक केला. गाडीच्या धुरातले विषारी वायू पाच-सहा वर्षांत ९० टक्के कमी करा, असा हुकूम. कसे करायचे ते कंपन्यांनी बघावं! कंपन्या म्हणाल्या, अशक्य. मुदती वाढत गेल्या.

तोडगा म्हणजे थ्री-वे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं पेट्रोल आणि नायट्रोजनची ऑक्साइड्स, तिघांचा एकदम बंदोबस्त. अट एकच: १ किलो पेट्रोलला साधारण १४.७ किलो हवा. पेट्रोल जास्त झालं तर पहिले दोन सुटतात, हवा जास्त झाली तर तिसरा. इतकं नेमकं प्रमाण साध्या कार्ब्युरेटरला कुठून जमणार? कारण धुरात काय चाललंय हे त्याला कळतच नाही. आपल्या भाषेत, फीडबॅक लूपच नाही!

उत्तर जुन्या अडगळीत होतं. जर्मन शास्त्रज्ञ वॉल्टर नेर्न्स्टने १८९७ च्या सुमारास झिर्कोनियाचा दिवा बनवला. हे सिरॅमिक थंड असताना वीज वाहू देत नाही. तापलं की त्यातून ऑक्सिजनचे आयन सरकतात. एडिसन-पंथी दिव्यांपुढे तो टिकला नाही. पण त्याच सिरॅमिकच्या एका बाजूला धूर, दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा ठेवली, दोन्हीकडे प्लॅटिनमचा थर दिला, की ऑक्सिजनच्या फरकानुसार व्होल्टेज मिळतं. त्याचं गणितही नेर्न्स्टनेच १८८९ मध्ये मांडलं होतं. पेट्रोल जास्त तर ०.९ व्होल्टच्या आसपास, हवा जास्त तर ०.१. झाला की सेन्सर!

बॉशने तो १९७६ मध्ये बाजारात आणला, तो अमेरिकेत जाणाऱ्या व्होल्वो गाड्यांत. दिव्यासारखाच हाही तापल्याशिवाय कामाला लागत नसे, म्हणून १९८२ पासून त्याच्या पोटात हीटर आला.

पेट्रोलमधलं शिसं कन्व्हर्टर आणि सेन्सर दोघांनाही मारतं. म्हणून १९९५ मध्ये मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कन्व्हर्टर सक्तीचा झाला, तेव्हा शिसेविरहित पेट्रोलही आणावं लागलं. २००० साली शिसं देशभरातून गेलं. म्हणजे कन्व्हर्टर वाचवताना आपणही वाचलो.

एप्रिल २०२० च्या बीएस-६ नंतर हा सेन्सर बाइक-स्कूटरपर्यंत पोचलाय. तेव्हा मेकॅनिक म्हणाला, "काढून टाकू, गाडी पळेल," तर थांबा. पळेल, पण आंधळी!