फोटोची अक्षरं

आधारची ऑफलाइन केवायसीची फाइल नोटपॅडमध्ये उघडली की नाव, जन्मतारीख, पत्ता सगळं वाचता येतं. पत्ता संपला की मात्र इंग्रजी अक्षरांची आणि आकड्यांची एक रांग सुरू होते, ती संपता संपत नाही. कसालच्या तिठ्यावर, जिथे मुंबई-गोवा महामार्गाला मालवणचा रस्ता फुटतो तिथल्या एखाद्या सेवा केंद्रात ही फाइल उघडून दाखवली, तर म्हातारा माणूस विचारणारच, “ह्याच्यात माझो फोटो खंय असा?” आणि त्याला खरं उत्तर एकच, “काकानू, ही सगळी अक्षरां म्हणजेच तुमचो फोटो.”

फोटो कुणाचाही असो, ही रांग एकाच चालीने सुरू होते: तिरकी रेघ, नऊ, लहान जे, पुन्हा तिरकी रेघ. कारण फोटो जेपेग असतो, आणि जेपेग फाइलचे पहिले तीन बाइट ठरलेले असतात, २५५, २१६, २५५. एका बाइटात आठ बिट, म्हणजे हे झाले चोवीस शून्य-एक. त्यांचे आठ-आठऐवजी सहा-सहाचे गट पाडले की तिनाचे चार आकडे होतात: ६३, ६१, ३५, ६३. सहा बिटांत ० ते ६३ एवढेच आकडे मावतात, म्हणून चौसष्ट चिन्हांची पट्टी आधीच ठरवून ठेवलेली आहे. आधी ए ते झेड मोठी अक्षरं, मग तीच लहान, मग दहा अंक, शेवटी अधिकचं चिन्ह आणि तिरकी रेघ. या पट्टीवर ६३ला तिरकी रेघ, ६१ला नऊ आणि ३५ला लहान जे. पद्धतीचं नाव बेस-६४. गणित इतकंच. पण हा उपद्व्याप करायचा कशाला, याचं उत्तर गणितात नाही, ते तारेत आहे.

चित्राला अक्षरांच्या वाटेने धाडायची खटपट संगणकाहून जुनी. १९२०च्या सुमारास लंडनमधला फोटो न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्राला हवा असेल तर तो बोटीने जाई, आठवड्याहून जास्त वेळ खाई. अटलांटिकच्या तळाशी केबल होती, पण ती तारायंत्राच्या संदेशांसाठी. बार्टलेन नावाच्या पद्धतीने यावर तोड काढली. चित्रातल्या उजेड-सावलीच्या छटांना तारेच्या संकेतांत बसवायचं, ते संकेत कागदी पट्टीवर भोकं पाडून केबलने पाठवायचे, आणि पलीकडे छटांचे खास खिळे लावलेल्या तारायंत्राने चित्र छापायचं. काम तीन तासांच्या आत होऊ लागलं. सुरुवातीला छटा पाचच, १९२९पर्यंत पंधरा. छापलेले चेहरे फार देखणे नसत, पण बातमीला तेवढे पुरत.

ईमेलवर हीच वेळ पुन्हा आली. १९८२मध्ये ठरलेले टपालाचे नियम सात बिटांचे होते. इंग्रजी अक्षरं, अंक, विरामचिन्हं यांना तेवढं पुरतं. फोटोला आठवा बिट लागतो, आणि वाटेतली यंत्रं तो खुशाल कापून टाकत. कुणी ओळीच्या शेवटची चिन्हं बदलत, आयबीएमच्या मोठ्या संगणकांची तर अक्षरांची सारणीच वेगळी. त्याआधीच, १९८०मध्ये, बर्कलीत मेरी ॲन हॉर्टन यांनी यूयूएनकोड लिहून युनिक्सवाल्यांची सोय केली होती. तत्त्व तेच, सहा-सहा बिटांचं. खोट अशी की त्यांच्या चौसष्ट चिन्हांत मोकळी जागाही होती, आणि ओळीच्या शेवटच्या मोकळ्या जागा काही यंत्रं कचरा समजून झाडून टाकत. झाडलं की फाइल गेली. म्हणून १९८७मध्ये गोपनीय ईमेलचे नियम लिहिताना कुठल्याही सारणीतून सहीसलामत पार होतील अशी चिन्हं निवडली गेली, आणि १९९२मध्ये नॅथॅनियल बोरेनस्टीन आणि नेड फ्रीड यांनी तीच पट्टी माइम या मानकात घेतली. बोरेनस्टीन यांनी ११ मार्च १९९२ला माइमच्या जोडपत्रासह पहिलं ईमेल धाडलं. त्यात काय होतं? त्यांच्या गाणाऱ्या चौकडीचा फोटो आणि तिच्या गाण्याचं ध्वनिमुद्रण. मानकं लिहिणारी माणसं इतकी रसिक असतात हे मानकं वाचून कधी कळत नाही.

मला या कथेत सर्वांत टोचतं ते वेगळंच. सात बिटांच्या त्या रस्त्याला मजकूर म्हणजे फक्त इंग्रजी मजकूर. फोटो, गाणं आणि मराठी यांची त्याच्या लेखी एकच जात. १९९२मध्येच ईमेलच्या विषयाच्या ओळीत परकी लिपी घुसवण्याचा नियम झाला, तोही बेस-६४चाच आधार घेऊन. आजही ‘कसाल’ असा विषय लिहून धाडलेल्या ईमेलचा मूळ मजकूर उघडून पाहावा. तिथे बहुतेक वेळा कसाल नसतं. यूटीएफ-८ या अक्षरसंकेतात देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, आणि तीन बाइटांची बेस-६४मध्ये चार अक्षरं. क होतो ४-के-एस-व्ही, स होतो ४-के-एस-४, काना स्वतंत्र मोजला जातो, तो ४-के-एस-अधिक, आणि ल म्हणजे ४-के-एस-वाय, यातला वाय लहान. चार चिन्हांच्या गावाला सोळा अक्षरं. मजकुराचा पहिला देवनागरी शब्द असाच ४-के करत चालतो, इतका की सराव झालेला माणूस नुसत्या नजरेने सांगेल, हे मराठी किंवा हिंदी आहे, तो तिरकी रेघ-नऊ-जेवाला फोटो आहे.

आता टपालाचे रस्ते आठ बिटांचे झाले, तरी पट्टी गेली नाही. उलट फोफावली. १९९८मध्ये लॅरी मॅसिंटर यांनी चित्र थेट वेबपानाच्या मजकुरातच गुंफायची रीत मानकात आणली. पुढे एक्सएमएल आणि जेसन या माहिती मांडायच्या रचनांचं राज्य आलं. दोघांतही फक्त मजकूर राहतो, कच्चे बाइट घातले की फाइल वाचणारा प्रोग्राम अडखळतो. म्हणून आधारच्या एक्सएमएल फाइलीत फोटोही बेस-६४, आधार देणाऱ्या प्राधिकरणाची डिजिटल सहीही बेस-६४. किंमत ठरलेली: तिनाचे चार, म्हणजे ३० केबीचा फोटो ४० केबीचा होतो. शहरात ते जाणवतही नाही. डोंगराआडच्या वाडीत, रेंजची एकच काडी असताना फॉर्म भरणाऱ्याला विचारा.

आधारने मात्र पुढे एके ठिकाणी ही पट्टी सोडून दिली. पहिला आधार क्रमांक नंदुरबारच्या टेंभलीत २९ सप्टेंबर २०१०ला दिला गेला. त्यानंतरच्या वर्षांतल्या आधारपत्रांवरच्या क्यूआरमध्ये फोटो नव्हताच, नुसता मजकूर होता. २०१८च्या सुरक्षित क्यूआरमध्ये सही आणि फोटो दोन्ही बसवायचे होते, आणि चौकोन तर तळहातापेक्षा लहान हवा. क्यूआरमध्ये कच्चे बाइट ठेवायची सोय असते, पण ते वाचणारी कैक ॲपं त्यांना मजकूर समजून मोडतोड करतात. बेस-६४ घालावं, तर सहा बिटांच्या मालाला आठ बिटांची जागा जाते. तेव्हा नाव, पत्ता, फोटो, सही हे सगळं दाबून एका अवाढव्य पूर्णांकात बदललं, आणि क्यूआरमध्ये नुसते अंक लिहिले. क्यूआर तीन अंक दहा बिटांत बसवतो. दहा बिटांत १०२४ आकडे मावतात, तीन अंकांना लागतात १०००, म्हणजे वाया जवळजवळ काहीच जात नाही. बेस-६४ जिथे तिसरा हिस्सा वाढवतं, तिथे ही वाढ शंभराला अर्धीही नाही. साधं स्कॅनर ॲप त्या चौकोनावर धरलं, तर स्क्रीनवर ओळींमागून ओळी फक्त आकडे येतात. त्यात नाव सापडत नाही, गाव सापडत नाही, आणि फोटो तर नाहीच नाही.