असईच्या रणभूमीवरील नदीचे नाव

२३ सप्टेंबर १८०३ रोजी जालना जिल्ह्यातील असई येथे शिंदे-भोसले यांच्या फौजेशी आर्थर वेलस्लीचे युद्ध झाले. रणभूमी दोन नद्यांच्या बेचक्यात होती. इंग्रजी ग्रंथांत दक्षिणेकडील नदी कोठे ‘कैटना’, कोठे ‘कैलना’ अशी आढळते. भेद एका अक्षराचा. रोमन हस्तलेखनात ‘एल्’वर आडवी रेघ पडली की ‘टी’ होतो. निर्णय मात्र स्थळच देते. पूर्णेच्या खोऱ्यातील ती नदी केळना, उत्तरेकडील जुई. समोरासमोरच्या तीरांवरील पिंपळगाव व वरूड यांवरून वेलस्लीने ताडलेला उतार केळनेचाच. सबब परकीय वर्णांतर लोकनामाच्या कसोटीस लावल्यावाचून प्रमाण मानू नये. अन्यथा भूमीवर नसलेली नदी इतिहासात वाहू लागते.