सुई आणि रुमण्यावरचा हात

किनवटच्या शिवारात पेरणी पाहिलेल्याला एक गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. तिफण बैल ओढतात, पण ओळी सरळ राहतात त्या रुमण्यावर ठेवलेल्या हातामुळे. जमीन कुठे उंच, कुठे खोल, हे त्या हाताला आधी कळते.

पदार्थाचा पृष्ठभाग चाचपणाऱ्या एका यंत्राची कथा अशीच आहे. त्याच्या सुईचे कौतुक जगाने पुष्कळ केले. सुईला हाकणारा हात म्हणजे संगणकाची आज्ञावली, आपण जिला सॉफ्टवेअर म्हणतो ती. तिच्याकडे मात्र फारसे कुणाचे लक्ष गेले नाही.

अमेरिकेत रसेल यंग यांनी १९७१ च्या सुमारास सुई पृष्ठभागाजवळ नेऊन त्याचे चढउतार टिपणारे उपकरण केले होते. पण कंपनांपुढे त्याची मजल अणूपर्यंत गेली नाही. ती मजल गाठली १९८१ साली, झुरिकजवळच्या आयबीएमच्या प्रयोगशाळेत, गेर्ड बिनिग आणि हाइनरिख रोरर यांनी. १९८६ च्या नोबेल पारितोषिकात ते अर्ध्याचे मानकरी झाले.

ही सुई पृष्ठभागाला टेकत नाही. मधल्या अतिसूक्ष्म फटीतून विजेचा क्षीण प्रवाह वाहतो. अणूच्या निम्म्या रुंदीइतके अंतर कमी झाले, की तो सुमारे दहापट वाढतो. मग काय करायचे? प्रवाह वाढला की सुई वर घ्यायची, घटला की खाली सोडायची, आणि ओळीमागून ओळ पुढे जायचे. सुई किती वर-खाली झाली त्याची नोंद, हाच त्या पृष्ठभागाचा नकाशा!

आरंभी हे काम विजेची मंडले करीत. १९८३ साली सिलिकॉनच्या अणूंची गाजलेली प्रतिमा प्रसिद्ध झाली, ती तर नोंदपटावरच्या रेषा एकामागे एक जोडून बनवलेली होती. पुढे ते काम संगणकाकडे आले, आणि सुईने किती वेगाने चालावे, चढ लागला तर किती चटकन उचलावे, हे आज्ञावली ठरवू लागली.

इथेच सावध राहायला हवे. सुईला फार उतावीळ केले तर ती थरथरते आणि चित्रात नसलेल्या लाटा उमटतात. फार सुस्त केले तर उभे काठ पुसट होतात. चित्र सुंदर आहे म्हणून ते खरे आहे, असे समजू नये. ते कोणत्या आकड्यांवर काढले, हे आधी विचारावे.

आणि हे विचारायचे, तर आज्ञावली उघडून पाहता आली पाहिजे. यंत्राबरोबर आलेली आज्ञावली बहुधा कुलूपबंद असते. संगणक जुना झाला, नव्यावर ती चालेना, की धडधाकट सुई कपाटात जाते. म्हणून काही संशोधकांनी खुल्या आज्ञावल्या लिहिल्या. सुई चालवणाऱ्या ‘जीएक्सएसएम’चे वर्णन २००३ साली प्रसिद्ध झाले, २००४ पासून झेक संशोधकांनी ‘ग्विडिऑन’ घडवली, ती मिळालेली चित्रे तपासते. दोन्ही विनामूल्य आहेत, आणि त्यांतली प्रत्येक ओळ कुणालाही वाचता येते.

आपल्याकडे पुणे विद्यापीठात प्राध्यापक सी. व्ही. धर्माधिकारी यांनी असे यंत्र विभागातच बांधून काम केले. स्वतः बांधणाऱ्याला यंत्राची खोड कळते, ती विकत घेणाऱ्याला कळतेच असे नाही.

१९९४ साली नांदेडला विद्यापीठ झाले आणि किनवटच्या मुलामुलींना उच्च शिक्षण जवळ आले. तरी असे महागडे यंत्र प्रत्येक महाविद्यालयात येणे कठीणच. पण मोजणीचे आकडे आणि खुली आज्ञावली साध्या संगणकावर मावतात. दुसरीकडे घेतलेली मोजणी आपल्या हाताने तपासावी, लाट खरी की सुईची थरथर हे ओळखावे, एवढे तर इथे बसून जमते. विज्ञानाचे निम्मे शिक्षण त्यातच आहे. सुई उसनी चालेल. रुमण्यावरचा हात मात्र आपलाच हवा.