वय न वाढणारें घर

जपानांत रविवारीं सायंकाळचे साडेसहा वाजले, कीं दूरचित्रवाणीवर एका कल्पित कुटुंबाचा संसार सुरू होतो. वडील, आई, त्यांची विवाहित कन्या साझाए, जांवई मासुओ, साझाएचीं धाकटीं भावंडें कात्सुओ व वाकामे आणि तीन वर्षांचा नातू ताराओ, अशीं या घरांत सात माणसें आहेत; शिवाय एक मांजर. 'साझाए-सान' या नांवानें ओळखली जाणारी ही विनोदी चित्रमालिका ५ ऑक्टोबर १९६९ रोजीं सुरू झाली. दूरचित्रवाणीवर सर्वांत दीर्घकाळ चाललेली चित्रमालिका म्हणून २०१३ सालीं गिनेसच्या विक्रमांत तिची नोंद झाली. आणि तींत घडतें तें काय? मुलानें परीक्षेचे गुण लपविले, मांजरानें मासा पळविला, वडील रागावले, इतकेंच. श्रोतेहो, एवढ्याशा सामग्रीवर दोन-तीन पिढ्यांना खिळवून ठेवणारें तें काय असावें?

याचें उत्तर शोधण्यासाठीं १९४६ सालाकडे वळलें पाहिजे. युद्धांत पराभूत झालेल्या जपानचीं शहरें जळालीं होतीं आणि अन्न मोजून मिळत होतें. अशा काळीं, २२ एप्रिल रोजीं, फुकुओका येथील एका सायंदैनिकांत चार चौकटींची एक चित्रकथा प्रसिद्ध होऊं लागली. तिची कर्ती माचिको हासेगावा ही सव्वीस वर्षांची चित्रकार. घराजवळच्या समुद्रकांठीं फिरतांना तिनें पात्रांना नांवें दिलीं, तींहि समुद्रांतलींच. साझाए हा एक शंखधारी प्राणी, कात्सुओ हा मासा, वाकामे ही समुद्रांतली वनस्पति. वडील नामिहेई यांच्या नांवांत लाट आहे, तर आई फुने म्हणजे नौका. आपल्याकडे एखाद्या घरांत मुलाचें नांव बांगडा आणि मुलीचें शिंपली असावें, तसाच हा प्रकार.

त्यापूर्वीं अवघे बारा दिवस, १० एप्रिल रोजीं, जपानी स्त्रियांनीं सार्वत्रिक निवडणुकींत प्रथमच मतदान केलें होतें आणि ३९ स्त्रिया प्रतिनिधि म्हणून निवडून आल्या होत्या. पुढें १९४७ सालीं दिवाणी कायदा बदलला आणि कुटुंबप्रमुखाची जुनी सत्ता संपुष्टांत आली. ही पार्श्वभूमि ध्यानांत घेतली, म्हणजे साझाए त्या वेळीं किती नवी होती हें कळतें. ती मोठ्यानें हंसते, धांवतपळत कामें करते, चुकते, आणि वडिलांना व नवऱ्याला मनांतलें स्पष्ट सांगते. तिचा नवरा सासुरवाडीस राहतो. परंतु जुन्या रीतीच्या दत्तक जांवयाप्रमाणें त्यानें सासऱ्याचें आडनांव घेतलेलें नाहीं. टंचाई आणि शिधा यांवर हंसणारें हें घर त्या वाचकांना येऊं घातलेल्या दिवसांचें घर वाटलें असल्यास नवल नाहीं.

हासेगावांचें स्वतःचें घर मात्र निराळें होतें. वडील तिच्या लहानपणींच वारले. आई आणि बहिणी, असा तो स्त्रियांचाच संसार. या बहिणींनीं स्वतःची प्रकाशनसंस्था काढून चित्रकथेचीं पुस्तकें छापलीं. माचिकोनें विवाह केला नाहीं. भरल्या घराचें हें चित्र तिनें 'आसाही' या मोठ्या दैनिकांतून १९७४ पर्यंत रेखाटलें. १९९२ सालीं तिचें निधन झालें.

वृत्तपत्रांतील साझाए काळाबरोबर चालत होती. दूरचित्रवाणीनें तें घर घेतलें आणि पंचांग बाजूस ठेवलें. तेथें ऋतु फिरतात, चेरी फुलते, नववर्ष येतें. वर्ष मात्र सरत नाहीं. कात्सुओ पांचव्या इयत्तेंतच आहे. नामिहेई ५४ वर्षांचे आहेत. मालिका सुरू झाली तेव्हां जपानांत पंचावन्नाव्या वर्षीं नोकरींतून निवृत्त होण्याचा प्रघात होता. म्हणजे हे गृहस्थ गेल्या अर्धशतकाहून अधिक काळ निवृत्तीच्या उंबरठ्यावर उभे आहेत! बाहेर देश पालटला. निवृत्तीचें वय कायद्यानें साठावर नेलें. २०२० च्या जनगणनेंत शंभरांपैकीं सुमारें ३८ घरांत एकच माणूस आढळला.

काळ थोपविणारीं माणसें मात्र मर्त्यच असतात. नामिहेईंना १९६९ पासून आवाज देणारे नट इचिरो नागाई जानेवारी २०१४ मध्यें निवर्तले. दुसऱ्या नटानें ती जागा घेतली आणि नामिहेई पुन्हा चोपन्न वर्षांचेच राहिले.

या मालिकेमागें केवळ गतकाळाची ओढ आहे, असें म्हणणें पुरेसें नाहीं. आजच्या अनेक प्रेक्षकांनीं असें घर कधींच अनुभवलेलें नाहीं. शिवाय मालिका संपली, कीं उद्यां सोमवार, या जाणिवेनें येणाऱ्या खिन्नतेला जपानांत 'साझाए-सान'चेंच नांव मिळालें आहे. माझ्या मतें खरें आकर्षण जेवणाच्या बुटक्या मेजाशीं आहे. मुलगा खोटें बोलतो, वडील गरजतात. पण रात्रीं दोघेहि त्याच मेजाशीं बसतात. अपराधाबद्दल शिक्षा होते, परंतु घरांतली जागा जात नाहीं. हा भरंवसा एकट्या राहणाऱ्या माणसालाहि हवासा वाटतो. त्या मेजावरचें अन्न मात्र बहुधा फुने आणि साझाए यांनींच वाढलेलें असतें, हेंहि विसरूं नये.

१९४६ सालीं जें उद्यांचें घर वाटावें, तें १९६९ सालीं शेजाऱ्याचें झालें आणि आज आजोबांचें वाटतें. घर जागचें हललें नाहीं. पाहणारे पुढें गेले. आपण किती दूर आलों, हें मोजण्यास त्यांना दर रविवारीं तोच एक उंबरठा सांपडतो.