कृषी धोरणांचे यंत्र अध्ययनाधारित मूल्यमापन

कर्जमाफी, पीकविमा, ठिबक सिंचनाचे अनुदान यांसारख्या शासकीय निर्णयांमुळे शेतीत प्रत्यक्ष कोणता बदल घडला, हे यंत्र अध्ययनाच्या, म्हणजे उपलब्ध माहितीतून संगणकाने स्वतः नियम शोधण्याच्या तंत्राने ठरविणारी संशोधनपद्धती. योजना नसती तर काय झाले असते, हे थेट मोजता येत नसल्याने लाभार्थ्यांशी मिळतेजुळते, परंतु लाभ न मिळालेले शेतकरी शोधून त्याचे अनुमान करावे लागते.

महाराष्ट्र शासनाच्या २०१९ च्या महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजनेत २ लाख रुपयांपर्यंतची थकीत खाती पात्र होती. थकबाकीदार आणि नियमित कर्जफेड करणारे यांची सरळ तुलना येथे फसवी ठरते, कारण पाण्याची टंचाई किंवा अपुरी जमीन यांसारखी थकबाकीची कारणे उत्पन्नावरही परिणाम करतात. म्हणून मर्यादेच्या किंचित खालची व किंचित वरची खाती ताडून पाहणे अधिक विश्वासार्ह असते. स्टेफान वेगर व सुझन ॲथी यांनी २०१८ मध्ये मांडलेली ‘कार्यकारण वन’ ही पद्धत असंख्य निर्णयवृक्ष, म्हणजे माहितीचे टप्प्याटप्प्याने गट पाडणारे नियमसंच, एकत्र करून, एकाच सरासरीऐवजी लाभ कोणत्या गटास किती झाला, हे दाखविते.

माहितीचे मुख्य स्रोत उपग्रह व महसुली नोंदी हे होत. सेंटिनेल-२ उपग्रहाच्या प्रतिमेतील सर्वांत लहान चौकट १० मीटर लांबीरुंदीची, म्हणजे जवळजवळ १ गुंठ्याची असल्याने उसाच्या लहान फडांतील वाढ व तोडही टिपता येते. २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकरी मोबाईलवरून पिकाचे छायाचित्र नोंदवितो, त्यावरून उपग्रहाचा अंदाज पडताळता येतो.

स्थानिक परिस्थिती वगळल्यास निष्कर्ष चुकतो. कोल्हापूर शहराला लागून असलेल्या करवीर तालुक्यातील कळंब्यासारख्या गावात पिकाखालील क्षेत्र घटलेले दिसले, तरी त्यामागे योजनेचे अपयश नसून वाढती घरबांधणी असू शकते. त्यामुळे शहरापासूनचे अंतर व जमिनीचे दर हे घटक गणितात धरावे लागतात. तसेच सातबारावर, म्हणजे जमिनीच्या महसुली उताऱ्यावर, नाव नसलेला वाटेकरी अशा नोंदींतून सहज निसटतो आणि त्याच्यावरील परिणाम जाणण्यासाठी गावपातळीवरील प्रत्यक्ष पाहणीच करावी लागते.